बिननावाच्या पुड्या

मांजरी, पुणे
१६ एप्रिल २०००

ती. भीमराव मामांस,
सप्रेम जयभीम.

बाबा बोरीला तुमच्याकडे आले की चौथ्या दिवशी त्यांची खाज थांबते, आणि मांजरीला परतले की महिन्याच्या आत पुन्हा सुरू होते, हे कसं? घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही माझा फोटो दवाखान्यात लावलात, पण मामा, या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तीन वर्षं विचार करते आहे.

मार्चमध्ये बाबा तुमच्याकडून आले तेव्हा कातडी अगदी स्वच्छ होती. आई म्हणाली, "बघा, माझ्या माहेरचं पाणी." आम्ही हसलो. गेल्या सोमवारपासून पुन्हा तेच. आधी पापण्या सुजतात, मग मान, मग कोपरांच्या आतल्या बाजू. खाजवून खाजवून तिथली कातडी काळी आणि जाड झाली आहे. नखं लागू नयेत म्हणून आई त्यांच्या हातांना जुन्या साडीच्या पट्ट्या बांधते, तर ते बाजेच्या काथ्यावर मान घासतात. काल म्हणाले, "कातडी काढून दोरीवर वाळत टाकता आली असती तर चार तास झोपलो असतो."

तुम्ही अजून इकडे आला नाहीत, म्हणून आमची जागा कशी आहे ते सांगते. तीन एकर रिकामा प्लॉट, तारेचं कुंपण, फाटकाशी आमची पत्र्याची खोली. मालक अमेरिकेत. भाव वाढेपर्यंत इथे काही बांधायचं नाही, म्हणून बाबांनी नुसती राखण करायची. देखरेखीला आप्पासाहेब आहेत. जमीन मुळात त्यांचीच होती. परवा ते म्हणाले, "नागोराव, गिऱ्हाईक प्लॉट बघायला आलं की तू जरा मागं जाऊन बसत जा. माणसं तुझं तोंड बघून परत जात्यात." नोकरी गेली तर खोलीही जाईल, हे बाबांना माहीत आहे.

मी मात्र रोज कॅम्पातल्या ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसते. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून टेपवर बोलतात, ते मी टाईप करते. बाबा म्हणतात, "अमेरिकेच्या माणसाची खाज तुला कळती, माझी कळंना?"

एक विचारायचं होतं. तुम्ही बाबांना दिलेल्या पुड्यांमधल्या पांढऱ्या गोळ्या कसल्या आहेत? पुडीवर नाव नसतं. एक पुडी कुणाच्या तरी भूगोलाच्या उत्तरपत्रिकेची होती, तिच्यावर 'वारे नैर्ऋत्येकडून' एवढंच होतं. त्या गोळ्या पाडव्यालाच संपल्या. नाव कळवा. मी बाबांना शहरातल्या डॉक्टरांकडे नेणार आहे, ते विचारतील.

मामींना जयभीम.
तुमची भाची,
रुपाली


बोरी, ता. वसमत
२८ एप्रिल २०००

चि. रुपाली हिस,
मामाचा जयभीम व आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर एवढं सुरेख आहे की डॉक्टरसाहेबांना दाखवलं नाही. त्यांना स्वतःच्या अक्षराची लाज वाटली असती.

दाजींच्या खाजेचं वाचून वाईट वाटलं. अक्का म्हणते ते खोटं नाही. गावचं पाणी, गावची हवा, आणि बहिणीच्या नवऱ्याला मेहुणा उपाशी ठेवत नाही. माणूस आतून मजबूत झाला की खाज आपोआप हटते. बावीस वर्षं कंपाउंडरकी केली, एवढं तर कळतं.

गोळीचं विचारलंस. ती ताकदीची गोळी आहे. डब्यावरचं लेबल केव्हाच निघून गेलं, नाव काय सांगू? आपल्या वाडीचा संपत पुण्याच्या एस.टी.वर ड्रायव्हर आहे, त्याच्या हाती साठ गोळ्यांच्या पुड्या देतो. एक सकाळी, एक संध्याकाळी, जेवण झाल्यावर. उपाशीपोटी देऊ नको. शहरातल्या डॉक्टरला पुड्या दाखवत बसू नको. ती माणसं गावच्या दवाखान्याला हसतात, आणि आपल्या मुलीनं खाली मान घालून यावं हे मला चालणार नाही.

फोटो अजून तिथंच आहे. पेशंट विचारतात, डॉक्टरीण का? मी हो म्हणतो.

तुझा,
भीमराव मामा


मांजरी
२१ मे २०००

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

उत्तर सापडलं!

पहिल्यांदा मी एकटीच गेले होते. लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर स्किनचे डॉक्टर आहेत. त्यांनी विचारलं, "खाज कोणाला आहे?" "वडिलांना." "मग वडील कुठे आहेत?" "ड्यूटीवर." ते म्हणाले, "वा! पुढच्या वेळी पोस्टानं फोटो पाठवा."

दुसऱ्या खेपेला मी बाबांना घेऊन गेले. त्यांनी पापण्या पाहिल्या, मान पाहिली, शर्ट काढायला लावला. छाती-पाठ स्वच्छ. "जिथे शर्ट तिथे सुटका," असं स्वतःशीच म्हणाले. मग बाबांना विचारलं, "राहता तिथे आजूबाजूला काय आहे?"

"काई नाही साहेब. मोकळी जागा. गवत."

"कसलं गवत?"

"बारीक पांढऱ्या फुलाचं. कमरेएवढं वाढतं पावसात."

"म्हणजे तुम्ही गाजर गवताची राखण करता," डॉक्टर म्हणाले. "त्याचे कण हवेतून येतात आणि जिथे कपडा नाही तिथे बसतात. सगळ्यांना होत नाही. ज्याला होतं त्याला सोडत नाही. मलम लिहून देतो, पण खरं औषध म्हणजे ती जागा सोडणं. ते मेडिकलमध्ये मिळत नाही."

मामा, मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाले. त्या गवताचं शास्त्रीय नाव, कूळ, बियांची संख्या मी परीक्षेत लिहिली आहे. आणि तीन वर्षं त्याच गवतातून बसस्टॉपला चालत जाते आहे! बोरीला बाबा बरे होतात ते यामुळेच. तिथे हे गवत नाही.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "गाल थोडे भरल्यासारखे दिसतात. कुठल्या गोळ्या चालू आहेत?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ताकदीच्या. ते म्हणाले, "ताकदीच्या गोळ्या खाऊन झालेला पैलवान मी अजून पाहिलेला नाही. पुढच्या वेळी पुडी घेऊन या." तुम्ही म्हणाला होता ना, हसतात म्हणून. तसंच झालं.

तुमच्या पुड्या आल्यापासून बाबांना थोडं बरं आहे, पण सध्या गवतही वाळलेलं आहे. खरी परीक्षा पावसात. मी ठरवलं आहे, फुलं यायच्या आत सगळा प्लॉट उपटून काढायचा. ऑगस्टपासून हडपसरला भाड्याची खोली मिळते आहे. तोपर्यंत बाबांना या गवतापासून वाचवायचं, एवढंच काम आहे.

रुपाली


बोरी
४ जून २०००

चि. रुपाली हिस,
आशीर्वाद.

तू शोध लावलास, आनंद वाटला. पण एक सांगू? ते पांढऱ्या फुलाचं गवत इथं नाही असं तुला कोणी सांगितलं? दवाखान्याच्या मागं कमरेएवढं आहे. दाजी मार्चमध्ये आले तेव्हा त्याच गवताकडं तोंड करून दात घासत होते. मग इथं खाज का थांबली? तू शिकलेली आहेस, विचार कर.

जास्त लिहीत नाही. गवत काढ, चांगलंच आहे, हाताला फडकं बांध. पण गोळ्यांत खंड पडू देऊ नको. पावसाळा आहे म्हणून संपतच्या हाती या वेळी जास्त दिल्या आहेत. सकाळी एक, संध्याकाळी दोन. खंड पडू देऊ नको एवढं लक्षात ठेव.

मामीचा उजवा खांदा धरला आहे. तिला मी ती गोळी देत नाही, शेक देतो.

मामा


मांजरी
९ जुलै २०००

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

आज सकाळी बाबांनी आरशात बघून स्वतःच्या हातानं दाढी केली. तीन पावसाळ्यांत पहिल्यांदा. मी दारात उभी राहून बघत होते, तर म्हणाले, "काय बघती? नवरदेव दिसतो का?"

सगळं गवत काढलं, मामा! कॉलेजमधल्या मैत्रिणी आल्या, वीटभट्टीवरच्या बायका आल्या. हातमोजे कुठून आणणार? प्रत्येकीनं दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन हातात घातल्या आणि मनगटाला सुतळी बांधली. चार रविवार लागले. मागे खड्डा करून त्यात सगळं पुरलं. आप्पासाहेब जीपमधून बघत होते. म्हणाले, "पोरी, गवत उपटल्यानं प्लॉटचा भाव वाढतो का?" बाबा म्हणाले, "नाही साहेब. वॉचमनचा वाढतो." मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

पाऊस लागून महिना झाला, तरी अंगावर एक चट्टा नाही. गाल तर इतके भरले आहेत की भट्टीवरच्या बायका आईला विचारतात, नागोरावांना काय खाऊ घालते? हातांवर मात्र अधूनमधून निळे डाग दिसतात. कुठे आपटलं ते आठवत नाही म्हणतात.

तुमचा प्रश्न मी विसरले नाही. बोरीतही गवत आहे, मग तिथे खाज का थांबते? तिथे मोकळं रान आहे, वारा सगळं उडवून नेत असेल. पण 'असेल' हे उत्तर नाही. मला ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा आहे. इथे असे पडून राहिलेले बारा प्लॉट आहेत, आणि प्रत्येकावर एक वॉचमन. दोघांच्या माना बाबांसारख्याच झालेल्या मी पाहिल्या. अर्जात लिहायचं आहे की गवत काढलं आणि माणूस बरा झाला. त्यावर कोणीही म्हणेल, तो गोळ्या खात होता, त्यानं बरा झाला असेल. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

म्हणून ताकदीच्या गोळ्या आजपासून बंद केल्या. बाबा ऐकत नव्हते. "भीमराव खंड पाडू नको म्हणालाय," एवढंच पुन्हापुन्हा. मी म्हटलं, ताकद भाकरीतून येते, बाबा. तरी सकाळी ते उशीखाली चाचपडत होते, म्हणून उरलेल्या सगळ्या पुड्या मी मागच्या कालव्यात सोडल्या. रागावू नका. तुम्ही प्रेमानं पाठवल्या होत्या, पण आता त्यांची गरज नाही.

एक ऑगस्टला खोलीत जातो आहोत. या वेळी तुम्ही या. आमच्याकडे गवत नाही.

रुपाली


बोरी
१७ जुलै २०००

चि. रुपाली,

तुझं पत्र काल मिळालं. हे वाचशील तसं दाजींना उचलून मोठ्या दवाखान्यात ने आणि हा कागद डॉक्टरच्या हातात दे.

ती ताकदीची गोळी नव्हे. ते स्टेरॉइड आहे, बेटामेथासोन. तीन वर्षं अधूनमधून देत होतो, एप्रिलपासून रोज दोन, जूनपासून रोज तीन. ती एकदम बंद करायची नसते. शरीर तिच्यावर टेकलेलं असतं. हळूहळू कमी करावी लागते. एकदम काढली आणि ताप आला, उलट्या झाल्या, तर माणूस बसल्या जागी खचतो. मी इथं एकाला तसा बघितला आहे.

ताबडतोब परत चालू करायला पाहिजे. मी तुला नाव सांगायला पाहिजे होतं.

अक्काला यातलं काही सांगू नको.

मामा


मांजरी
३० जुलै २०००

भीमराव मामांस,

तुमचं १७ तारखेचं पत्र मला २५ तारखेला मिळालं. बाबांना जाऊन पाच दिवस झाले होते.

कसं झालं ते तुम्ही इथे तीन दिवस राहून एकदाही विचारलं नाहीत, म्हणून लिहिते. १८ तारखेला बाबांना ताप आला. वस्तीत सगळ्यांनाच येत होता. संध्याकाळपासून उलट्या. दुसऱ्या दिवशी त्यांना बाजेवरून उठता येईना. आप्पासाहेबांनी जीप दिली. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं बी.पी. बघितलं, पुन्हा बघितलं, सलाईन लावलं आणि मला विचारलं, "कुठली गोळी चालू होती?"

मी स्पष्ट आवाजात सांगितलं, "काहीच नाही. ताकदीच्या होत्या, त्या दहा दिवसांपूर्वी बंद केल्या." त्यानं ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. ताकदीच्या गोळ्या कोण लिहून घेतं?

बाबांनी हात वर केला. अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घासत होते. मला वाटलं पाणी मागतात. मी चमच्यानं पाणी घातलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तसंच केलं. मामा, ते पुडी उलगडत होते. हे मला तुमचं पत्र वाचल्यावर कळलं. २० तारखेला पहाटे गेले. कातडी शेवटपर्यंत स्वच्छ होती.

दोन वर्षांत मी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या तोंडचं एक वाक्य कितीदा टाईप केलं असेल, 'गोळी हळूहळू कमी करत बंद करावी, एकदम थांबवू नये.' सगळ्यात कमी चुकांसाठी ऑफिसात मला बक्षीस मिळालं होतं. गोळीचं नाव माहीत असतं तर मला ते वाक्य आठवलं असतं. आठवलं असतं की नाही, हेही आता कोणाला सांगता येणार नाही.

पण तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आप्पासाहेबांचा नंबर तुमच्याकडे होता. जयंतीच्या दिवशी तुम्ही त्यावर फोन केला होता, बाबा पळत गेले होते. पुड्या संपतच्या हातानं एका दिवसात यायच्या. मग हे पत्र पोस्टानं का आलं?

आणि तुम्ही २१ तारखेला आलात, २४ ला गेलात. ते तीन दिवस तुम्ही फाटकाशी बाबांच्या खुर्चीवर बसून होता. जेवायला बोलावलं तरी उठत नव्हता. आई म्हणाली, भावाला किती लागलंय बघ, दाजीची जागा सोडत नाही. मलाही तसंच वाटलं. पोस्टमन त्याच फाटकातून येतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

रुपाली


बोरी
१३ ऑगस्ट २०००

चि. रुपाली,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पत्र हाती पडण्याआधी परत घ्यावं म्हणूनच बसलो होतो. दाजी तर गेलेच होते. तुला कळून काय होणार, असं वाटलं.

फोन डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर आहे. त्यांच्या समोर काय बोलू? गावात बूथ आहे, तिथं गेलो होतो. नंबर फिरवला, घंटा वाजली, आणि ठेवून दिला. आप्पासाहेबाला काय सांगू, कोणती गोळी, कोणी दिली? मग पत्र लिहिलं. संपत त्या दिवशी येणार होता, पण त्यानं विचारलं असतं, मामा, आज पुडी नाही, नुसता कागद? तो स्वतः आमची गोळी घेतो.

तू म्हणशील, नाव का लिहीत नाही? बावीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी शिकवलं, पुडीवर नाव टाकायचं नाही. नाव कळलं की पेशंट मेडिकलमधून घेतो, परत येत नाही. पुढं मलाही गोड वाटायला लागलं. माणूस रडत येतो, चौथ्या दिवशी हसत येतो, आणि पाया कंपाउंडरच्या पडतो. दाजी माझ्यासमोर बसून मान घासत होते, मला बघवलं नाही. आराम कोणाला नको असतो, रुपाली?

चौदा जण तर कायमचे आहेत. दिगंबर सुताराचा दमा, मुक्ताई आजीचे गुडघे, सगळ्यांना तीच. त्यांना काय सांगू?

एकच मागणं आहे. अक्काला कळू देऊ नको. तिला भाऊ एकच आहे, आणि मुलगी पण एकच. गोळी मी दिली, फेकली तू. तिनं कोणाचं तोंड बघायचं? दोघांनी गप्प राहू. तुझा फोटो मी काढलेला नाही.

भीमराव


शिवाजीनगर एस.टी. स्टँड, पुणे
३ सप्टेंबर २०००

भीमराव मामांस,
जयभीम.

तुमचं पत्र मी आठवडाभर उशीखाली ठेवलं. दिवसा ऑफिसात टाईप करायची, संध्याकाळी आईसमोर बसून भाकरी खायची. ती रोज म्हणायची, "गवत काढलंस म्हणून शेवटचे दिवस तरी माणूस सुखानं जगला." हे वाक्य मला गिळता येईना. मी सगळं सुखासुखी सांगून टाकलं असं समजू नका. महिनाभर मी तुमच्यासारखीच गप्प होते.

गेल्या रविवारी पहिल्यापासूनची तुमची सगळी पत्रं तिला वाचून दाखवली. माझी माझ्याजवळ नव्हती, म्हणून त्यांत काय लिहिलं होतं ते तोंडानं सांगितलं. कालव्यात पुड्या सोडल्या तेही. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, परत वाच. दुसऱ्यांदा वाचल्यावर तुमच्याबद्दल एकच विचारलं, "घंटा वाजली होती म्हणतो ना?" आणि मला एकच विचारलं, "त्यांनी हात वर केला तेव्हा तू वाकून विचारलं का नाहीस?"

तिला भाऊ एकच आणि मुलगी एकच, हेही वाचलं. ती म्हणाली, "नवरा पण एकच होता."

त्यानंतर तीन दिवस तिनं माझ्याबरोबर भाकरी खाल्ली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, वही घे. तुमच्या चौदा माणसांपैकी अकरा जणांची नावं तिनं स्वतः ओळखली. बोरीत कोण कशानं आजारी आहे हे तिला पुण्यात राहूनही माहीत आहे. उरलेल्या तिघांपैकी दोन संपतनं सांगितले. तिसरा तो स्वतः.

मी मध्ये एकदा प्लॉटवर जाऊन आले. सगळं पुन्हा उगवलं आहे, पांढरं दिसतं. फाटकाशी नवा वॉचमन आहे, रामदास म्हणून, वाशीमकडचा. त्याला मी शर्टाची बटणं वरपर्यंत लावायला सांगितलं आणि त्या डॉक्टरांचा पत्ता दिला. तो म्हणाला, ताई, मला काही होत नाही. ग्रामपंचायतीचा अर्ज मी लिहिला नाही. गवत काढून माणूस बरा होतो, असं लिहिण्याचा मला आता अधिकार नाही. बाबांची खाज नेमकी कशानं थांबली होती, ते मला आजही माहीत नाही.

दुसरा अर्ज मात्र लिहिला. तो काल सकाळी रजिस्टरनं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवला. पावती माझ्याजवळ आहे. पहिल्या पानावर मी काय केलं ते आहे, तारखेसकट. दुसऱ्या पानावर तुम्ही आणि डॉक्टरसाहेबांनी काय केलं ते. तुमच्या १७ जुलै आणि १३ ऑगस्टच्या पत्रांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. खाली सही पूर्ण नावानं केली आहे.

पण अर्जाची बातमी ऐकून माणसांनी घाबरून गोळ्या फेकल्या, तर चौदा घरांत बाबांसारखंच होईल. म्हणून आई निघाली आहे. तिला वाचता येत नाही, तेव्हा मी तिच्याकडून पाठ करून घेतलं. गोळी एकदम बंद करू नका. पुडी हातात घेऊन वसमतच्या सरकारी दवाखान्यात जा. गोळीचं नाव बेटामेथासोन. हे नाव तिनं एवढ्या वेळा म्हटलं की आता तुमच्यापेक्षा नीट म्हणते. शिवाय मी चौदा चिठ्ठ्यांवर ते मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे.

हे मी बाकावर बसून लिहिते. संपतनं गाडी लावली आहे, आई त्याच्या मागच्या सीटवर बसली आहे, चिठ्ठ्यांची पिशवी मांडीवर. पहिली चिठ्ठी तिनं त्यालाच दिली. त्यानं ती दोनदा वाचली, मग घडी करून खिशात घातली.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, आईच्या हाती देते. ती आधी उरलेली तेरा घरं करेल. दवाखान्यात शेवटी येईल, तेव्हा तुम्हाला मिळेल. ती खिडकीतून हात पुढे करते आहे.

रुपाली नागोराव खिल्लारे